प्रोसेसरचा स्पीड नक्की कोण ठरवतं? कर्नल, गव्हर्नर आणि तो ८०० मेगाहर्ट्झचा आकडा

लिनक्स नवीन नवीन टाकलं की बहुतेक जण एकदा तरी सिस्टम मॉनिटर उघडून प्रोसेसरचा स्पीड बघतात, आणि बघितला की हमखास दचकतात. खोक्यावर लिहिलं होतं ४ गिगाहर्ट्झ आणि इथे दिसतंय ८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे पाचवा हिस्सा. मग शोधाशोध सुरू होते, कोणीतरी सांगतं "गव्हर्नर परफॉर्मन्सला लाव", दुसरा सांगतो "नको, बॅटरी जाईल, पॉवरसेव्ह बरं", तिसरा म्हणतो कर्नलच (लिनक्सचा गाभा, हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधला भाग) परत कंपाइल कर, म्हणजे मूळ कोडमधून नव्याने बनव, आणि ज्याने प्रश्न विचारला होता तो अजूनच गोंधळतो.

मला स्वतःला हा विषय मनापासून आवडतो, कारण यात इलेक्ट्रॉनिक्स आहे, थोडं गणित आहे आणि सगळ्यात मोठं म्हणजे अंदाज बांधण्याचं शास्त्र आहे. म्हणून पायापासून सांगतो. कमांड पाठ करायची गरज नाही, आत काय चाललंय ते कळलं की कुठे हात घालायचा आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

आधी विटांची रांग डोळ्यासमोर आणा

वीस माणसं रांगेत उभी आहेत आणि हातोहात विटा पुढे देतायत. बाजूला एक जण ढोल वाजवतोय. ढोलाचा एक ठोका पडला की प्रत्येकाने हातातली वीट पुढच्याला द्यायची. हा ढोल म्हणजे प्रोसेसरचं क्लॉक, आणि सेकंदाला किती ठोके पडतात ती फ्रिक्वेन्सी. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके.

आता ढोल जोरात वाजवायला लागलो तर काय होईल? पुढचा ठोका पडायच्या आत वीट पोचलीच पाहिजे, नाहीतर ती मधेच खाली पडते. चिपमध्ये वीट पडली म्हणजे उत्तर चुकलं, प्रोग्राम क्रॅश झाला, मशीन अडकलं. वीट वेळेत पोचायला हातात जोर पाहिजे, आणि चिपमध्ये तो जोर म्हणजे व्होल्टेज. स्पीड वाढवायचा तर व्होल्टेज पण वाढवावं लागतं, हे इथलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

का, तर चिप काम करताना जी वीज खाते ती ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी असते. वर्ग! म्हणजे समजा ४ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागतात आणि २ गिगाहर्ट्झला ०.८ पुरतात (हे आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेत, प्रत्येक चिपचे वेगळे असतात). स्पीड निम्मा झाला, व्होल्टेज दोन तृतीयांश झालं, त्याचा वर्ग चार नवमांश, त्याचं निम्मं म्हणजे दोन नवमांश. १८ वॅट खाणारा कोअर (प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र काम करणारा भाग) आता ४ वॅटवर आला. स्पीड निम्मा केला तर वीज निम्म्याच्याही निम्म्याहून कमी, यासाठीच हा सगळा खटाटोप.

एके काळी याची एवढी चिंता नव्हती. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत गेला की व्होल्टेज पण त्याच प्रमाणात खाली आणता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत तेवढ्याच विजेत जास्त स्पीड मिळत राहतो. तीसेक वर्षं हे चाललं. मग साधारण २००५ च्या आसपास ते थांबलं, व्होल्टेज अजून खाली नेलं तर ट्रान्झिस्टर नीट बंदच होईना, बंद असताना पण त्यातून वीज गळत राहायची. पेंटियम ४ हा २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्झचं ठरलेलं मॉडेल इंटेलने त्याच वर्षी रद्द केलं. तेव्हापासून स्पीड वाढवणं फुकट राहिलेलं नाही, प्रत्येक मेगाहर्ट्झचा हिशोब द्यावा लागतो.

ढोल वाजवणारा मुकादम

मग शहाणपण कशात आहे? विटा कमी असतील तेव्हा ढोल हळू वाजवा, ढीग लागला की जोरात. लॅपटॉपच्या चिपमध्ये ही सोय २००० सालाच्या आसपास आली, इंटेलने त्याला स्पीडस्टेप म्हटलं आणि एएमडीने पॉवरनाऊ. पण चिपला स्पीड बदलता येतो म्हणून काम झालं असं नाही, कधी बदलायचा ते कोणीतरी ठरवायला पाहिजे ना. लिनक्समध्ये ते काम करणारी यंत्रणा म्हणजे सीपीयूफ्रेक, २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून ती आहे.

त्यात दोन भाग वेगळे ठेवलेत आणि हे वेगळेपण समजलं की अर्धा गोंधळ मिटतो. एक गव्हर्नर, तो मुकादम, आत्ता किती वेगाने काम व्हायला पाहिजे एवढंच तो ठरवतो. दुसरा ड्रायव्हर, म्हणजे मुकादमाचं म्हणणं त्या विशिष्ट चिपच्या भाषेत तिच्यापर्यंत पोचवणारा निरोप्या. इंटेलच्या चिपला वेगळा निरोप्या, एएमडीला वेगळा, मोबाइलमधल्या एआरएम चिपला वेगळा.

मुकादम पण वेगवेगळ्या स्वभावाचे आहेत. परफॉर्मन्स कायम वरच्या मर्यादेला चिकटलेला, पॉवरसेव्ह कायम खालच्या. युजरस्पेस स्वतः काहीच ठरवत नाही, तुम्ही आकडा द्या तो लावतो. ऑनडिमांड २००४ मध्ये आला, तो थोड्या थोड्या वेळाने येऊन बघतो की मागच्या वेळेपासून कोअर किती टक्के वेळ कामात होता, ठराविक हद्दीच्या वर गेला असेल तर सरळ टॉप स्पीड. कन्झर्व्हेटिव्ह त्याचाच भाऊ पण एकेक पायरी चढतो. आणि २०१६ च्या ४.७ कर्नलमध्ये आला शेड्युटिल. त्याच्यावर जरा जास्त बोलायला पाहिजे.

शेड्युटिल: ज्याच्या हातात थेट वही आहे

ऑनडिमांडची अडचण अशी की तो बाहेरून डोकावून बघतो. कोणत्या प्रोसेसला (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला) कधी आणि कुठल्या कोअरवर चालवायचं हे कर्नलमधला शेड्युलर ठरवतो, त्याच्याकडे प्रत्येक कामाची नोंद असते, मग मुकादमाने वेगळी मोजणी कशाला करायची? शेड्युटिल सरळ शेड्युलरची वहीच वाचतो.

त्या वहीत प्रत्येक कामाचा भार लिहिलेला असतो, पण तो नुसता आत्ताचा नसतो. साधारण एक-एक मिलिसेकंदाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात ते काम किती चाललं ते मोजतात, आणि जुन्या तुकड्याचं वजन हळूहळू कमी करत नेतात, असं की ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या तुकड्याचं वजन आत्ताच्या निम्मं, ६४ पूर्वीच्याचं पाव. माणसाचं पण असंच असतं, कालचं चांगलं आठवतं, मागच्या महिन्यातलं पुसट.

या भारावरून स्पीड काढायचं सूत्र अगदी छोटं आहे: टॉप स्पीड गुणिले भाराचा हिस्सा गुणिले सव्वा. म्हणजे ४ गिगाहर्ट्झच्या कोअरवर ५० टक्के भार असेल तर २ नाही, २.५ गिगाहर्ट्झ मागायचे. ही वरची पाव हिश्श्याची मोकळीक मुद्दाम ठेवली आहे, काम अचानक वाढलं तर जागा हवी म्हणून. याच सूत्राने ८० टक्के भाराला टॉप स्पीड येतो.

आता यातूनच एक खरी अडचण कळते. एखादं काम आत्तापर्यंत झोपलं होतं आणि एकदम पूर्ण ताकदीने सुरू झालं, तर वहीतला भार शून्यावरून वर चढायला लागतो: ३२ मिलिसेकंदांनी निम्मा, ६४ ला पाऊण, ८० टक्क्यांवर जायला साधारण ७४ मिलिसेकंद. आणि कोअर हळू चालत असताना हिशोबही हळूच चढतो, कारण कमी स्पीडवरचा एक मिलिसेकंद हा पूर्ण स्पीडवरच्या एक मिलिसेकंदाइतका धरत नाहीत. आपल्याला ७४ मिलिसेकंद काहीच वाटत नाहीत पण स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगवायची असेल तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंदच मिळतात, म्हणजे तेवढ्या वेळात चार चित्रं हुकली आणि बोटाला स्क्रोल अडखळल्यासारखा लागला. कर्नलवाल्यांनी यावर बरेच उपाय केलेत, जसं की काम मागच्या वेळी जागं असताना किती भार होता ते लक्षात ठेवून झोपून उठल्यावर तिथूनच सुरुवात करायची, किंवा युक्लॅम्प, ज्यात एखाद्या कामाला आधीच सांगून ठेवता येतं की याचा भार इतक्याच्या खाली धरूच नका. तरी मूळ गोष्ट तीच राहते, मुकादम भूतकाळ बघून भविष्याचा अंदाज बांधतोय आणि अंदाज कधीतरी चुकणारच.

माझ्या मते फ्रिक्वेन्सी स्केलिंग कॉन्फिगर करणं म्हणजे एवढंच: अंदाज चुकला तर कुठल्या बाजूला चुकलेला चालेल ते कर्नलला सांगणं. उशीर झाला तर चालेल का वीज वाया गेली तर चालेल? "माझं मशीन फास्ट करून द्या" असं बटण यात कुठेच नाही.

"मग सरळ टॉप स्पीडला लावून टाकू, काम लवकर संपेल आणि झोपेल"

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो चांगला आहे, चुकीचा नाही. याला नाव पण आहे, रेस टू आयडल. धावत जाऊन काम संपवा आणि मग गाढ झोपा.

झोपणं म्हणजे काय ते आधी. रांगेतली माणसं विटा नसताना नुसती उभी असली तरी मजुरी चालूच असते, ती म्हणजे मघाशी सांगितलेली गळणारी वीज. म्हणून काम नसलं की कोअर झोपतो, आणि झोपेच्या पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. हलकी डुलकी असेल तर ढोल थांबतो पण माणसं जागेवरच. गाढ झोप असेल तर माणसं घरी, वीज जवळजवळ शून्य, पण परत बोलवायला वेळ लागतो. हे सगळं बघणारी कर्नलमधली यंत्रणा वेगळी आहे, सीपीयूआयडल नावाची, गव्हर्नरचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

आता हिशोब करू. आधीचाच कोअर घ्या, पूर्ण स्पीडला १८ वॅट, निम्म्याला ४ वॅट. काम पूर्ण स्पीडला १० सेकंदांचं, म्हणजे १८० ज्यूल. निम्म्या स्पीडला २० सेकंद, ८० ज्यूल. नुसता कोअर बघितला तर हळू चालणं कधीही स्वस्त. पण कोअर एकटा नसतो, तो जागा आहे तोवर मेमरी, बस, स्क्रीनकडे डेटा पाठवणारं सर्किट असं बरंच काही जागं ठेवावं लागतं. समजा हे बाकीचं जागं असताना ६ वॅट आणि झोपल्यावर १ वॅट खातं. २० सेकंदांचा एकूण खर्च काढा. जोरात: १८० अधिक ६० अधिक झोपेचे १०, एकूण २५०. हळू: ८० अधिक १२०, एकूण २००. हळूवाला जिंकला. आता बाकीचं ६ ऐवजी १४ वॅट खात असेल तर? जोरात: १८०, १४० आणि १०, एकूण ३३०. हळू: ८० आणि २८०, एकूण ३६०. आता जोरातवाला जिंकला!

म्हणजे उत्तर प्रत्येक मशीनचं वेगळं आहे, आणि "रेस टू आयडल नेहमीच बरोबर" म्हणणारे जितके चूक तितकेच "कमी स्पीड म्हणजे बचत" म्हणणारे पण चूक. टोकाला काय होतं ते मात्र बऱ्यापैकी ठरलेलं आहे. सगळ्यात वरच्या काही मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज फार चढतं, त्यामुळे तिथे धावणं महाग. सगळ्यात खाली व्होल्टेज अजून कमी होतच नाही, त्यामुळे तिथून आणखी हळू जाऊन नुसता वेळ वाढतो, बचत जवळजवळ नाही. किफायत मधेच कुठेतरी असते.

आणि एक गैरसमज इथेच मोडतो. परफॉर्मन्स गव्हर्नर लावला म्हणून कोअर झोपायचे थांबत नाहीत. काम नसलं की ते तेव्हाही झोपतातच, फक्त जागे झाल्यावर एकदम वरच्या स्पीडला उठतात. म्हणून निवांत पडलेल्या मशीनवर परफॉर्मन्स आणि शेड्युटिल यांच्यातला विजेचा फरक लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी निघतो, फरक दिसतो तो अर्धवट भार असताना, व्हिडिओ चालू आहे, ब्राउझर उघडाय, अशा वेळी.

पॉवरसेव्ह नावाचा घोळ

आता सगळ्यात जास्त लोकांना फसवणारी गोष्ट. एकाच नावाचे दोन वेगळे मुकादम आहेत.

वर सांगितलेला पॉवरसेव्ह हा कर्नलचा सर्वसाधारण गव्हर्नर, तो खालच्या मर्यादेवर चिकटून बसतो. पण इंटेलच्या बऱ्यापैकी नवीन चिपवर इंटेल पीस्टेट नावाचा ड्रायव्हर असतो, २०१३ च्या ३.९ कर्नलपासूनचा, आणि तो ॲक्टिव्ह मोडमध्ये असला की सर्वसाधारण गव्हर्नर वापरतच नाही, स्वतःचेच दोन देतो, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. यातला पॉवरसेव्ह गरजेप्रमाणे खाली-वर होणारा, अगदी टॉप स्पीडपर्यंत जाणारा आहे! नाव तेच, वागणं वेगळं. त्यामुळे कोणी "माझ्याकडे पॉवरसेव्ह दिसतंय म्हणून मशीन स्लो आहे" म्हणालं तर आधी ड्रायव्हर कुठला ते विचारायचं. ड्रायव्हर इंटेल पीस्टेट असेल तर ते नॉर्मल आहे, स्लोपणाचं कारण दुसरीकडे शोधा.

असं का केलं? कारण मुकादमच आता साइटवर राहायला गेला. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून चिप स्वतःच स्पीड ठरवू शकते, त्याला ते स्पीड शिफ्ट म्हणतात. कर्नलचा निरोप यायची वाट बघण्यापेक्षा चिपला स्वतःला भार फार लवकर कळतो. मग कर्नलच्या हातात उरतं ते खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि एक कल, म्हणजे वीज वाचवण्याकडे झुकायचं का स्पीडकडे. हा कल देणाऱ्या सेटिंगचं नाव एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स, त्यात परफॉर्मन्स, बॅलन्स परफॉर्मन्स, बॅलन्स पॉवर आणि पॉवर असे पर्याय मिळतात. एएमडीचा पण तसाच ड्रायव्हर आहे, एएमडी पीस्टेट, तो २०२२ च्या ५.१७ कर्नलमध्ये आला आणि स्वतः ठरवायचा मोड त्यात पुढे ६.३ मध्ये आला.

अशा मशीनवर गव्हर्नर बदलत बसण्यापेक्षा हा कल बदलणं जास्त कामाचं. फक्त एक लक्षात ठेवा, गव्हर्नर परफॉर्मन्सला असताना कल बदलायला गेलात तर "डिव्हाइस बिझी" असा एरर येतो, कारण परफॉर्मन्सचा अर्थच कल पूर्ण स्पीडकडे असा आहे. आधी गव्हर्नर पॉवरसेव्हला आणायचा, मग कल बदलायचा. नावामुळे उलटं वाटतं पण बरोबर तेच आहे.

कर्नल स्वतः बनवताना काय निवडायचं

ज्यांना कर्नल कंपाइल करायचा आहे त्यांच्यासाठी. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) पॉवर मॅनेजमेंटच्या विभागात सीपीयू फ्रिक्वेन्सी स्केलिंग असा उपविभाग आहे, तिथे जायचं. खरे निर्णय तीनच.

पहिला ड्रायव्हर. तुमच्या चिपचा ड्रायव्हर नसेल तर बाकी काही निवडून उपयोग नाही, गव्हर्नर निरोप कोणाकडे देणार? इंटेल असेल तर इंटेल पीस्टेट, नवीन एएमडी असेल तर एएमडी पीस्टेट, आणि दोन्हीसाठी मागचा आधार म्हणून एसीपीआय सीपीयूफ्रेक असू द्या, तो फर्मवेअरने (मशीनमध्येच साठवलेलं, बायोससारखं सॉफ्टवेअर) दिलेल्या स्पीडच्या तक्त्यावर चालतो. एआरएमवर हा तक्ता डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डावर काय काय आहे त्याच्या यादीतून येतो.

दुसरा, कुठले गव्हर्नर आत घ्यायचे. खरं सांगायचं तर हे सगळे मिळून इतके छोटे आहेत की काढून टाकून काही वाचत नाही. काही मॉड्यूल म्हणून (लागेल तेव्हा वेगळे जोडायचे तुकडे) ठेवता येतात पण शेड्युटिल शेड्युलरशी इतका जोडलेला आहे की तो मॉड्यूल म्हणून बनतच नाही, घ्यायचा तर कर्नलमध्येच.

तिसरा, डिफॉल्ट गव्हर्नर, म्हणजे बूट झाल्यावर सुरुवातीला कोण. इथे लोक घाबरतात की चुकीचं निवडलं तर परत कंपाइल करावं लागेल. नाही लागत. ५.९ पासून कर्नलच्या बूट ओळीत (मशीन सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांची ओळ) डिफॉल्ट गव्हर्नर लिहून देता येतो. ड्रायव्हरचा मोड पण तिथेच बदलतो, इंटेल पीस्टेटला पॅसिव्ह सांगितलं की तो स्वतःचं डोकं बाजूला ठेवून नुसता निरोप्या होतो आणि मग शेड्युटिल वगैरे सगळे गव्हर्नर दिसायला लागतात. ज्या इंटेल चिपमध्ये स्वतः ठरवायची सोय नाही त्यांच्यावर हल्लीचे कर्नल आपणहून पॅसिव्हच निवडतात. म्हणून नुसत्या गव्हर्नरसाठी कर्नल कंपाइल करायचा सल्ला कोणी दिला तर तेवढ्यासाठी वेळ घालवू नका.

चालू मशीनवर बदल

यासाठी सिसएफएस आहे, म्हणजे कर्नलने आपली बटणं फायलींच्या रूपात मांडून ठेवलेली जागा. प्रत्येक कोअरच्या फोल्डरमध्ये सीपीयूफ्रेक असतं, त्यात स्केलिंग ड्रायव्हर, स्केलिंग गव्हर्नर, स्केलिंग मिन फ्रेक, स्केलिंग मॅक्स फ्रेक अशा फायली. वाचायच्या म्हणजे स्थिती कळते, रूट म्हणून (सगळे अधिकार असलेला युजर) लिहायचं म्हणजे बदल होतो. आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात हे विसरू नका, २ गिगाहर्ट्झ म्हणजे २० लाख. फायलींत शिरायचं नसेल तर सीपीयूपॉवर नावाचं टूल हेच काम करतं, आणि मी तर म्हणेन कुठलाही बदल करायच्या आधी त्याची फ्रिक्वेन्सी-इन्फो कमांड चालवून ड्रायव्हर, मर्यादा आणि गव्हर्नर या तीन ओळी वाचा.

फोनमध्ये आणि बऱ्याच एआरएम बोर्डांवर एक वेगळेपण दिसतं. एका गटातल्या सगळ्या कोअरना ढोल एकच असतो, त्यामुळे एकाचा स्पीड बदलला की सगळ्यांचा बदलतो आणि ज्या कोअरला सगळ्यात जास्त हवंय त्याचंच ऐकलं जातं. एक कोअर खाली आणायला गेलात आणि आला नाही तर बिघाड समजू नका.

हे बदल रीबूटला जातात. टिकवायचे तर बूट ओळ किंवा बूटला चालणारी छोटी सर्व्हिस. पण त्याआधी तुमच्या सिस्टमवर पॉवर प्रोफाइल्स डीमन, टीएलपी, ट्यून्डी यातलं वीज सांभाळणारं काही टूल आधीपासून चालू आहे का ते बघा, कारण ते पण याच फायलींमध्ये लिहितात. दोन टूल एकाच फाईलवर असली की ज्याने शेवटी लिहिलं त्याचं खरं, आणि चार्जर काढला-लावला की परत दुसऱ्याचं. एकच ठेवा.

"सगळं करून बघितलं, आकडा हलतच नाही"

इथे ती गोष्ट येते जी मला खूप उशिरा कळली. कर्नल प्रोसेसरला हुकूम देत नाही, विनंती करतो. शेवटचा शब्द चिपचा आणि फर्मवेअरचा.

चिप तापली की ती स्वतःला वाचवायला स्पीड खाली आणते, मग गव्हर्नर काहीही असो. विजेची मर्यादा असते, काही सेकंद जास्त वीज चालते मग आखडती घ्यावी लागते, म्हणूनच टर्बोचा (नेहमीच्या स्पीडच्या वरचा तात्पुरता जादा स्पीड) टॉप आकडा थोडा वेळच टिकतो, आणि सगळे कोअर एकदम कामाला लागले तर तेवढा पण मिळत नाही. व्हर्च्युअल मशीनच्या (एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर) आत तर बहुतेक वेळा सीपीयूफ्रेकची बटणंच नसतात, ती बाहेरच्या होस्टकडे.

माझा एक लॅपटॉप एकदा असाच अगदी खालच्या स्पीडला अडकला होता. दोन संध्याकाळी मी गव्हर्नर, बूट ओळ, ड्रायव्हरचे मोड सगळं उलटंपालटं केलं. कारण निघालं चार्जर! मशीनला तो ओळखता येत नव्हता, पुरेशी वीज मिळेल याची खात्री नाही म्हणून फर्मवेअरने प्रोसेसरला खाली दाबून ठेवलं होतं, आणि कर्नलला त्यात बोलायला जागाच नव्हती. दुसरा चार्जर लावला, एका मिनिटात सुटला. म्हणून स्पीड अडकला असेल तर आधी तापमान, पंखा, चार्जर, बायोसमधली पॉवरची सेटिंग, आणि मग कर्नल.

आणि सुरुवातीचा तो ८०० मेगाहर्ट्झचा आकडा? मशीन रिकामं असताना तोच दिसायला पाहिजे, ते तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. शिवाय काही मशीनवर सिसएफएसमधली हा आकडा देणारी फाईल मागितलेला स्पीड दाखवते, मिळालेला नाही. खरा मिळालेला स्पीड चिपमधल्या मोजणी करणाऱ्या रजिस्टरांवरून काढतात, एक्स८६ वर (इंटेल आणि एएमडीच्या चिपवर) टर्बोस्टॅट नावाचं टूल तो दाखवतं, कोअर किती वेळ झोपला होता ते पण सोबत दाखवतं. एखादं जड काम लावा आणि तेव्हा बघा. वर गेला तर सगळं ठीक आहे.

मग बदलायचं कोणी?

बहुतेकांनी नाही. डिफॉल्ट आता खरंच चांगले आहेत, दहा वर्षांपूर्वीचे सल्ले आजच्या मशीनला लावू नका.

पण काही कामं अशी आहेत जिथे मुकादमाचा अंदाज पद्धतशीर चुकतो. समजा दोन प्रोसेस एकमेकींना आळीपाळीने काम देतायत, पहिली करते तेव्हा दुसरी थांबलेली आणि उलट, आणि दोघी वेगळ्या कोअरवर आहेत. प्रत्येक कोअर निम्मा वेळ रिकामा, म्हणून मुकादम म्हणतो घाई नाही, २.५ गिगाहर्ट्झ पुरे. पण एकूण कामाला तर क्षणभरही उसंत नाही! डेटाबेस आणि त्याचा क्लायंट, पाइपने जोडलेल्या कमांड, शेकडो छोटे प्रोग्राम एकामागून एक चालवणारी बिल्ड स्क्रिप्ट, हे सगळं याच जातीचं. तिथे परफॉर्मन्स लावून खरंच फायदा होऊ शकतो. ऑडिओ रेकॉर्डिंगसारख्या वेळेच्या कामालाही तसंच, फक्त त्यातलं रिअलटाइम म्हणून, म्हणजे वेळेत व्हायलाच हवं असं नोंदवलेलं काम असेल तर शेड्युटिल मूळातच त्याला टॉप स्पीड देतो, वेगळं करावं लागत नाही. आणि उत्तर यायला उशीर होतोय ही तक्रार असेल तर स्पीडइतकाच किंवा जास्त दोष गाढ झोपेतून उठण्याचा असू शकतो, तो गव्हर्नर बदलून जाणार नाही, त्यासाठी सी-स्टेटकडे बघावं लागेल.

उलट बाजूला, लॅपटॉप मांडीवर तापतोय आणि पंखा ओरडतोय तर गव्हर्नरला हात न लावता नुसती वरची मर्यादा थोडी खाली आणून बघा, किंवा टर्बो बंद करा, इंटेलवर नो टर्बो आणि बाकीच्या बऱ्याच ठिकाणी बूस्ट नावाची फाईल त्यासाठीच आहे. वरच्या शेवटच्या टप्प्याला व्होल्टेज सगळ्यात महाग असतं हे वर बघितलंच, त्यामुळे थोडासा स्पीड सोडला की उष्णता त्यामानाने बरीच उतरते. हा बदल मी स्वतः सगळ्यात जास्त वापरतो. आधी तुमचं रोजचं काम घड्याळ लावून एकदा करा, मर्यादा बदला, परत करा, आणि दोन्ही वेळचा वेळ आणि तापमान लिहून ठेवा. नाही आवडलं तर रीबूट केलं की सगळं होतं तसं.